मुतखड्याची कळ गोळीत का उतरली?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "वय ३१. गेल्या महिन्यात डाव्या बाजूला मुतखडा झाला होता. कळ कमरेतून निघायची आणि थेट डाव्या गोळीत, म्हणजे वृषणात, उतरायची. खडा पडला, पण तपासताना डॉक्टर म्हणाले की डावं वृषण उजव्यापेक्षा खाली आहे आणि त्याच्या वर शिरा फुगलेल्या लागताहेत. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही. दहावीत हा धडा सरांनी 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. पुरुषाची जननसंस्था नेमकी असते कशी, आणि माझ्या या तीन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे का?"

'घरी वाचा' म्हणणारे सर आम्हालाही होते. पुढे एमबीबीएसला गेल्यावर मी हा धडा शवविच्छेदनाच्या टेबलावर वाचला आणि गेली २७ वर्षं यूरॉलॉजीच्या ओपीडीत रोज वाचतोय. तुमच्या तीन गोष्टींचं नातं कळायला आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा: वृषण हा मुळात पोटातला अवयव आहे. तो खाली राहायला आला खरा, पण त्याचं रेशनकार्ड अजून वरच्या गावचंच आहे.

पुस्तकातल्या आकृतीत हे दिसत नाही. तिथे माणूस बाजूने उभा कापलेला असतो, नळ्या सगळ्या एका पातळीत आणि नावं बाणाने दाखवलेली. नावं पाठ होतात, पण कोण कुठून आलं हे कळत नाही.

गर्भात साधारण सातव्या आठवड्यापासून वृषण घडायला लागतं, ते पाठीच्या भिंतीला चिकटून, मूत्रपिंडाच्या शेजारी. गावाकडे कोंबडा साफ करताना पाहिलं असेल तर आठवा. पाठीच्या कण्याला लागून घेवड्याच्या दाण्यासारख्या दोन पांढरट गोळ्या असतात, तीच त्याची वृषणं. कोंबड्याची तिथून हलतच नाहीत. हत्तीचीही पोटातच राहतात. आपली मात्र प्रवासाला निघतात. वृषणाच्या खालच्या टोकापासून वृषणकोशाच्या, म्हणजे बाहेरच्या पिशवीच्या दिशेने मऊ ऊतीचा एक पट्टा जातो. अठराव्या शतकात जॉन हंटर या शल्यविशारदाने त्याला 'सुकाणू' या अर्थाचं लॅटिन नाव दिलं. या पट्ट्याच्या मागोमाग वृषण हळूहळू खाली येतं, सातव्या महिन्याच्या सुमारास जांघेतल्या बोगद्यात शिरतं आणि बहुतेक बाळांत जन्मापर्यंत पिशवीत पोचलेलं असतं.

निघताना ते रिकाम्या हाताने निघत नाही. रक्त आणणारी धमनी पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या धमन्यांच्या जरा खालून फुटलेली असते, ती ओढली जाते. रक्त परत नेणाऱ्या शिरा, लसीकावाहिन्या, मज्जातंतू सगळे ताणले जात सोबत येतात. पोटाच्या भिंतीचे थरसुद्धा एकावर एक सदरे चढवावेत तसे अंगावर चढतात. त्यातला एक थर स्नायूचा असतो. थंडी वाजली किंवा भीती वाटली की गोळी वर चढते, ती हाच स्नायू ओढतो. पोटाच्या आतल्या अस्तराचीही एक नळी त्याच्याबरोबर खाली उतरते. ही नळी पुढे बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली तर बाळाला अंतर्गळ होतो, म्हणजे आतडं जांघेत उतरतं, किंवा नुसतं पाणी उतरून पिशवी फुगते. नुसतं पाणी असेल तर ते बहुतेक वेळा वर्ष-दोन वर्षांत आपोआप ओसरतं. आतडं उतरत असेल तर थांबायचं नसतं.

आता तुमची कळ. वृषणाचे मज्जातंतू पाठीच्या कण्यात ज्या पातळीवर शिरतात, जवळजवळ त्याच पातळीवर मूत्रपिंडाच्या आणि मूत्रवाहिनीच्या वरच्या भागाचे तंतूही शिरतात. खडा अडकला वर, पण मेंदूला निरोप येतो तो या सामाईक पत्त्यावरून, आणि मेंदू तो गोळीच्या नावावर वाचतो. गोळीत काहीही बिघडलेलं नव्हतं. खडा पडल्यावर कळ थांबली, हाच पुरावा.

ही चूक उलट्या दिशेनेही होते, आणि ती महागात पडते, म्हणून इथे थोडा थांबतो. काही मुलांमध्ये वृषण पिशवीच्या भिंतीला नीट धरलेलं नसतं, घंटेतल्या लोलकासारखं लोंबकळत असतं. झोपेत, खेळताना किंवा नुसत्या थंडीने ते स्वतःभोवती फिरतं आणि रक्तपुरवठ्याची दोरी पिळली जाते. बारा ते अठरा हे याचं मुख्य वय. मुलगा सांगतो काय? 'पोट दुखतंय.' त्याला खरंच पोट दुखत असतं, उलट्याही होतात, कारण निरोप त्याच जुन्या पत्त्यावर जातो. शिवाय पंधरा वर्षांचा पोरगा आईसमोर 'गोळी दुखतेय' म्हणत नाही.

असाच एक मुलगा माझ्याकडे सकाळी आठ वाजता आला होता. रात्री दहापासून दुखत होतं. आधी कुठेतरी दाखवलं, पोटदुखीची दोन इंजेक्शनं झाली, ऍसिडिटीची गोळी झाली, पण चड्डी उतरवून कोणी पाहिलं नव्हतं. ऑपरेशन टेबलावर पिशवी उघडली तर वृषण पिकलेल्या जांभळासारखं काळंनिळं. पीळ सोडवला, कोमट सलाईनमध्ये भिजवलेल्या गॉजमध्ये ते गुंडाळलं आणि घड्याळाकडे बघत उभा राहिलो. कधी कधी दहा मिनिटांत रंग परततो, गुलाबी झाक येते आणि सगळं थिएटर श्वास सोडतं. त्या दिवशी परतला नाही. ते काढावं लागलं आणि उजवं फिरू नये म्हणून टाक्यांनी जागेवर बसवलं. पीळ पडल्यापासून सहा तासांच्या आत पोचलं तर बहुतेक वेळा वृषण वाचतं, त्यानंतर दर तासाला आशा कमी होत जाते. घरात या वयाचा मुलगा असेल आणि अचानक पोटात दुखून उलट्या व्हायला लागल्या, तर त्याला सरळ विचारा, 'खाली दुखतंय का?' विचारताना लाजू नका, म्हणजे तोही लाजणार नाही.

प्रवास अर्धवट राहिला तर वृषण पोटात किंवा जांघेत अडकतं. पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांत साधारण तिघांचं असं असतं. त्यातली बरीच वृषणं पहिल्या काही महिन्यांत उतरतात. सहा महिन्यांनंतर ती उतरण्याची शक्यता फार थोडी राहते, म्हणून सहा ते अठरा महिने या वयात शस्त्रक्रिया करून त्यांना खाली बसवतात. 'मोठा झाला की येईल खाली' असं म्हणत शाळेत जाईपर्यंत थांबणारे पालक मला आजही भेटतात. तोवर आतल्या पेशींचं नुकसान सुरू झालेलं असतं, आणि अशा वृषणात पुढे कर्करोगाचा धोकाही जास्त असतो. कर्करोगावरून आठवलं. वृषणाच्या लसीकावाहिन्या वरच्या गावच्या असल्यामुळे त्याचा कर्करोग पसरतो तो पोटात, महाधमनीच्या कडेच्या लसीकागाठींमध्ये. जांघेतल्या लसीकागाठींकडे जातात त्या वृषणकोशाच्या कातडीच्या वाहिन्या. म्हणूनच कर्करोग झालेलं वृषण काढताना आम्ही पिशवीवर चीर देत नाही, ते जांघेतून काढतो. पिशवी कापली तर रोगाला दुसरा रस्ता उघडून दिल्यासारखं होतं.

मग इतकी उठाठेव कशासाठी? थंडाव्यासाठी. शुक्राणू तयार व्हायला शरीरापेक्षा दोन ते चार अंश सेल्सिअस कमी तापमान लागतं. पिशवीच्या कातडीखाली चरबी जवळजवळ नसते, सुरकुत्या असतात, घाम येतो. उन्हाळ्यात ती सैल होऊन लोंबते आणि थंडीत आक्रसते. खरी करामत आत आहे. खाली जाणाऱ्या धमनीभोवती शिरांचं जाळं वेलीसारखं लपेटलेलं असतं. वर जाणारं थंड रक्त खाली येणाऱ्या गरम रक्तातली उष्णता काढून घेतं.

या जाळ्यातल्या शिरा फुगल्या की त्याला व्हेरिकोसील म्हणतात. तुमच्या डॉक्टरांच्या बोटांना बहुधा तेच लागलं. हे बहुतांशी डावीकडेच का होतं, याचं उत्तरही प्रवासातच आहे. उजव्या वृषणाची शीर वर जाऊन महाशिरेला तिरकी मिळते. डाव्या बाजूची शीर मात्र डाव्या मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते आणि उजवीपेक्षा आठ-दहा सेंटिमीटर लांब असते. उभं राहिलं की एवढ्या उंच स्तंभाचं ओझं खालच्या झडपांवर येतं. झडपा कच्च्या असतील तर रक्त मागे उतरतं आणि शिरा गांडुळांचं गाठोडं चाचपावं तशा हाताला लागतात. शंभरातल्या साधारण पंधरा पुरुषांना हे असतं आणि त्यातल्या बहुतेकांना मुलं बिनत्रास होतात. पण मूल होत नाही म्हणून आलेल्या पुरुषांत हेच प्रमाण पस्तीस-चाळीसपर्यंत जातं. म्हणजे दोष ठरवून टाकायचा नाही आणि दुर्लक्षही करायचं नाही. डावं वृषण उजव्यापेक्षा थोडं खाली असणं मात्र बहुतेक पुरुषांत असतंच. तो आजार नाही.

आता वृषणाच्या आत जाऊ. मोठ्या माणसाचं वृषण चार-पाच सेंटिमीटर लांब असतं, चिंचोळ्या लिंबाएवढं. बाहेर पांढरं, चिवट कवच. आत सुमारे अडीचशे कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक ते चार नळ्या, केसासारख्या बारीक, गुंडाळून ठेवलेल्या. सगळ्या उलगडून जोडल्या तर काही शे मीटर भरतात. या नळ्यांच्या भिंतीत शुक्राणू घडतात, आणि त्यांना भरवायचं-सांभाळायचं काम सर्टोली पेशी करतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, त्या टेस्टोस्टेरॉन बनवतात. एकाच घरात दोन कारखाने, आणि दोघांवर मेंदूच्या तळाशी बसलेल्या पीयूषिका ग्रंथीचा हुकूम चालतो.

हे नीट समजून घ्या, कारण याच ठिकाणी हल्लीची जिमवाली पोरं घोटाळा करतात. दंड भरावेत म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं घेतात. रक्तात बाहेरचा माल भरपूर दिसला की पीयूषिका हुकूम थांबवते. शुक्राणू घडायला वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनची पातळी रक्ताच्या कित्येक पट लागते आणि ती आतल्या कारखान्यातूनच येते. तो बंद पडला की वृषण आक्रसतं आणि तपासणीत शुक्राणू शून्य. समोर पैलवानासारखा गडी बसलेला आणि हातात शून्याचा रिपोर्ट, हे आता महिन्याला एखाद-दुसरं दिसतंच. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण त्याला कित्येक महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त.

एक शुक्राणू घडायला सुमारे ७४ दिवस लागतात. पुढचा प्रवास धरला तर तीन महिने. म्हणजे आजचा रिपोर्ट तीन महिन्यांपूर्वीची हकीकत सांगतो. डेंग्यू किंवा टायफॉइडचा ताप येऊन गेला असेल तर त्यानंतरचे दोन-तीन महिने आकडे पडलेले दिसतात. त्या काळात तपासणी करून रडत बसू नये. औषध बदललं, दारू-सिगारेट सोडली, तरी फरक तीन महिन्यांनीच बघायचा.

वृषणातून बाहेर पडलेला शुक्राणू दिसायला पूर्ण असतो, पण त्याला धड पोहता येत नाही. वृषणाच्या मागे टोपीसारखं चिकटलेलं असतं ते अधिवृषण. आंघोळ करताना चाचपलं तर मागच्या बाजूला मऊ, लांबट उंचवटा लागतो. पुष्कळ जण त्यालाच गाठ समजून घाबरून येतात. त्या पाच सेंटिमीटरमध्ये सुमारे सहा मीटर लांबीची एकच नळी वेटोळी घालून बसलेली असते. तिच्यातून जायला शुक्राणूला दोन ते बारा दिवस लागतात आणि या वाटेवर तो पोहायला शिकतो.

तिथून शुक्रवाहिनी सुरू होते. वृषणाच्या वर, पिशवीच्या कातडीतून अंगठा आणि तर्जनीत दोरी धरून हळूहळू सरकवली तर मऊ शिरांच्या गर्दीत एक वेगळीच गोष्ट बोटांखालून सुटते: गोल, टणक, बॉलपेनच्या रिफिलसारखी. शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही नळीचा स्पर्श असा नाही, कारण आतला मार्ग सुईएवढा आणि भोवतीची स्नायूची भिंत जाडजूड. नसबंदी होते ती याच रिफिलवर. चीनमध्ये ली शुनचियांग यांनी १९७४ मध्ये टाका न घालता, एका टोकदार चिमट्याने छिद्र पाडून नसबंदी करायची रीत काढली. आता आपल्याकडेही तीच चालते. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भूल फक्त त्या जागेपुरती. तरीही २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांची नसबंदी ३७.९ टक्के आणि पुरुषांची ०.३ टक्के. ज्या मुंबईत र. धों. कर्व्यांनी १९२१ साली संततिनियमनाचं केंद्र काढलं, तिथून शंभर वर्षं चालून आपण इथवर आलो. बायकोचं पोट उघडायला तयार असलेला नवरा स्वतःच्या रिफिलला हात लावू देत नाही. भीती एकच, 'ताकद जाईल.' टेस्टोस्टेरॉन या नळीतून जात नाही, थेट रक्तात उतरतं, त्यामुळे ताकद, दाढी, इच्छा काहीच बदलत नाही. फक्त एक पाळायचं: नळीच्या पुढच्या भागात जुना साठा शिल्लक असतो, म्हणून तीन महिने दुसरं साधन वापरून, वीर्य तपासून, शुक्राणू नाहीत याची खात्री झाल्यावरच मोकळं व्हायचं.

काही पुरुषांत ही नळी जन्मापासूनच नसते. एक जोडपं आलं होतं, लग्नाला सहा वर्षं झालेली. तिच्या फाइलची जाडी चार बोटं: रक्ततपासण्या, दुर्बिणीतून तपासणी, नळ्या मोकळ्या आहेत का याचे फोटो. त्याच्या नावाचा एकच कागद होता, 'शुक्राणू शून्य', आणि त्यावर त्याला दोन वर्षं ताकदीच्या गोळ्या चालू होत्या. त्याला उभं करून तपासलं. दोन्ही वृषणं चांगली, भरलेली. दोरी धरली, रिफिल नाही. दुसऱ्या बाजूला धरली, नाही. मिनिटभराचं काम होतं, सहा वर्षांत कोणी केलं नव्हतं. कारखाना चालू आणि रस्ताच बांधलेला नाही, याला गोळी काय करणार? अशा माणसाच्या वृषणातून किंवा अधिवृषणातून सुईने शुक्राणू काढून इक्सीने, म्हणजे प्रयोगशाळेत एक शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडून, गर्भधारणा करता येते. त्याआधी दोघांची जनुकीय तपासणी मात्र करावी लागते, कारण हा दोष बहुतेकदा एका आनुवंशिक बिघाडाशी जोडलेला असतो.

शुक्रवाहिनीची वाट बघा कशी आहे. ज्या बोगद्यातून वृषण खाली आलं त्यातूनच ती वर पोटात शिरते, मूत्रवाहिनीला ओलांडते, मूत्राशयाच्या मागे उतरते. एवढा वळसा का, तर वृषण वरून आलं म्हणून. मूत्राशयाच्या मागे तिला शुक्राशयाची नळी मिळते, दोघींची मिळून दोनेक सेंटिमीटरची स्खलनवाहिनी होते आणि ती पुरःस्थ ग्रंथीतून, म्हणजे प्रोस्टेटमधून जात मूत्रमार्गात उघडते. पुढे लघवी आणि वीर्य यांची वाट एकच. वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं. मधुमेहात किंवा प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर ते नीट आवळलं नाही, तर वीर्य मागे मूत्राशयात जातं. माणूस म्हणतो, 'समाधान मिळतं, पण काही बाहेर येत नाही.'

वीर्य म्हणजे शुक्राणू नव्हेत. साठ-सत्तर टक्के भाग शुक्राशयांचा. त्यात फ्रुक्टोज नावाची साखर असते, ती शुक्राणूंची शिदोरी. वीस-तीस टक्के प्रोस्टेटचा. वृषणाकडून येणारा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी, म्हणून नसबंदीनंतर प्रमाणात डोळ्याला फरक दिसत नाही. बाहेर पडल्यावर वीर्य आधी गोठतं आणि अर्ध्या तासाच्या आसपास प्रोस्टेटच्या स्रावामुळे पातळ होतं. ज्याच्या रिफिल नाहीत त्याला बहुतेकदा शुक्राशयंही नसतात. वीर्य थोडं, आम्लधर्मी आणि साखरेशिवाय आलं की आम्हाला शंका येते. शरीररचना कळली की लॅबचा कागद असा बोलायला लागतो.

'धात जाते', 'शंभर थेंब रक्ताचा एक थेंब वीर्य' हे ऐकतच आपण सगळे मोठे झालो. आयुर्वेदातल्या सात धातूंमध्ये शुक्र शेवटचा, म्हणून तो सर्वांत मौल्यवान, असा हा हिशेब. यातून येणाऱ्या थकव्याला आणि भीतीला मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्र विग यांनी १९६० मध्ये 'धात सिंड्रोम' असं नाव दिलं. तुम्ही वर पाहिलंत की हा मुख्यतः साखरपाणी आणि ग्रंथींचा स्राव आहे. झोपेत वीर्य बाहेर पडण्याला 'स्वप्नदोष' म्हणतात, त्यातला 'दोष' शब्द खोटा. उत्तेजना आल्यावर आधी येणारा चिकट, पारदर्शक थेंब मूत्रमार्गाच्या मुळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या काऊपर ग्रंथींचा असतो. त्यालाही धात म्हणत लोक हजारो रुपयांची चूर्णं घेतात.

प्रोस्टेट तरुणपणी अक्रोडाएवढा, सुमारे वीस ग्रॅमचा. वय वाढलं की त्याचा मूत्रमार्गाभोवतीचा भाग वाढतो आणि लघवीची धार बारीक होते. कर्करोग बहुधा मागच्या, गुदाशयाला टेकलेल्या भागात सुरू होतो. म्हणून त्याचा त्रास लवकर जाणवत नाही आणि म्हणूनच गुदद्वारातून बोटाने तपासता येतो. त्या तपासणीला नाक मुरडणाऱ्या काकांना मी एवढंच सांगतो की दहा सेकंद लागतात. या ग्रंथीच्या दोन्ही कडांनी ताठरतेचे मज्जातंतू जातात, आणि गंमत म्हणजे ते नेमके कुठून जातात हे १९८० पर्यंत शस्त्रक्रिया करणाऱ्यांना माहीत नव्हतं. प्रोस्टेट काढला की पुरुषत्व गेलं असंच धरून चालायचे. हॉलंडमध्ये लायडन इथे पीटर डॉन्कर यांनी मृत जन्मलेल्या बालकाच्या विच्छेदनात ते तंतू दाखवले, आणि अमेरिकेतल्या पॅट्रिक वॉल्श यांनी १९८२ मध्ये ते जपून पहिली शस्त्रक्रिया केली. इतक्या उशिरा, इतक्या साध्या शरीररचनेतून.

शिश्नाबद्दल थोडक्यात. आत तीन दंडगोल असतात: वरचे दोन ताठरतेचे, खालचा मऊ, ज्यातून मूत्रमार्ग जातो आणि जो टोकाला फुलून मणी होतो. कुत्र्याच्या शिश्नात हाड असतं, माणसाच्या नसतं. ताठरता म्हणजे फक्त रक्त: धमन्या सैल होतात, दंडगोल भरतात, आणि भरलेल्या दंडगोलांमुळे परतीच्या शिरा कवचाखाली दाबल्या जातात. ताठर असताना जोरात वाकलं तर ते कवच फाटतं, 'कट्' असा आवाज येतो आणि लगेच सूज चढते. लाजून घरी बसायची ही वेळ नव्हे, त्याच दिवशी शस्त्रक्रिया लागते. ज्या धमन्या हे काम करतात त्या जेमतेम एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या धमन्या तीन-चारच्या. त्यामुळे मधुमेह-रक्तदाबाची काजळी आधी इथे धरते. पन्नाशीच्या माणसाची ताठरता हळूहळू कमी होत असेल तर मी आधी साखर, रक्तदाब आणि हृदय बघतो, ताठरतेची निळी गोळी नंतर. आणि लांबीचा प्रश्न प्रत्येकाच्या मनात असतोच, म्हणून सांगून टाकतो. २०१५ मध्ये १५ हजारांहून अधिक पुरुषांच्या मोजमापांचा आढावा प्रसिद्ध झाला, त्यात ताठर लांबीची सरासरी १३.१ सेंटिमीटर निघाली. मोबाइलवर जे दिसतं ते निवडून आणलेलं असतं.

आता तुमच्याकडे परत. कळ खड्याची होती, ती संपली. खड्यामुळे शिरा फुगत नाहीत. दोघांचा पत्ता एकाच मूत्रपिंडाच्या शेजारचा, इतकाच संबंध. शिरा आणि मूल न होणं यांचं नातं असू शकतं, ते तपासून ठरवायचं. वर्षभर प्रयत्न करून दिवस राहिले नाहीत तर दोघांचीही तपासणी एकाच वेळी सुरू करायची, बायकोची आधी आणि नवऱ्याची 'बघू' अशी नाही. तुम्ही दोन ते सात दिवसांच्या संयमानंतर वीर्यतपासणी करा. खड्याच्या वेळी ताप भरला असेल तर त्या तापाला तीन महिने होऊ द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या वीर्यतपासणीच्या आवृत्तीप्रमाणे वीर्याचं प्रमाण १.४ मिलिलिटर, शुक्राणूंची संख्या मिलिलिटरमागे १.६ कोटी, आणि हालचाल करणारे ४२ टक्के, या खालच्या मर्यादा आहेत. एक रिपोर्ट कमी आला तर काही आठवड्यांनी दुसरा करा, एकावर निकाल लावू नका. सगळं ठीक असेल तर शिरांना हात लावायची गरज नाही. कमी असेल आणि शिरा हाताला लागत असतील, तर सूक्ष्मदर्शकाखाली त्या बांधण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा. नुसत्या सोनोग्राफीत दिसणाऱ्या, हाताला न लागणाऱ्या शिरांसाठी शस्त्रक्रिया करून घेऊ नका, कोणी कितीही घाई केली तरी.

तपासणी उभं राहूनच करून घ्या, खोली उबदार असू द्या, आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा श्वास रोखून पोटावर जोर द्या. मग आडवे व्हा. आडवं झाल्यावर शिरा रिकाम्या झाल्या तर ठीक. नाही झाल्या, तर वर मूत्रपिंडापाशी काही दाबतंय का हे बघावं लागतं. त्यासाठी खड्याच्या वेळची सोनोग्राफी येताना सोबत आणा, डावं मूत्रपिंड तिच्यात पाहिलेलं असणार.